‘हिला स्वतःपलीकडे काही दिसतच नाही’: एका तक्रारीचा इतिहास

गेल्या मे महिन्यात आमच्या घरी सगळी चुलत-मावस भावंडं जमली होती. दुपारी आंबे कापताना माझ्या दहा वर्षांच्या पुतण्याच्या बोटाला सुरी लागली. बऱ्यापैकी रक्त आलं. आम्ही सगळे त्याच्याकडे धावलो, आणि त्याच क्षणी माझी साडेपाच वर्षांची मुलगी (इथे तिला मनू म्हणू) त्याच्यापेक्षा दुप्पट आवाजात किंचाळायला लागली. ‘बंद करा! बंद करा ना! माझ्याकडे बघा!’ लाथा, जमिनीवर लोळण, सगळं. पाच मिनिटांत अर्धं घर तिच्याभोवती गोळा झालं आणि पुतण्या बिचारा नळाखाली बोट धरून एकटाच उभा. सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या, ‘बोट त्याचं कापलंय आणि आकांडतांडव हिचं. हिला स्वतःपलीकडे काही दिसतच नाही बघ.’

मला राग आला. पण खरं सांगायचं तर तो त्यांचा आला नव्हता. नेमकं तेच वाक्य माझ्याही मनात आलं होतं, त्याचा आला होता.

तुम्ही इथे नेहमी येत असाल तर तुम्हाला माहीत आहे की माझा प्रबंध विसाव्या शतकातल्या बालमानसशास्त्राच्या इतिहासावर आहे. मुलांविषयी ‘शास्त्र असं म्हणतं’ हे म्हणण्याची सोय कुणी, कधी आणि कशी करून दिली, हा त्याचा गाभा. म्हणजे सासूबाईंच्या त्या एका वाक्याच्या पूर्वजांवरच मी तीन वर्षं वाचतेय. म्हणून आज ते वाक्यच घेऊ या. तुमच्याही घरात असं एखादं मूल असेल, तर हे वाक्य तुम्ही ऐकलं असणारच, कदाचित उच्चारलंही असेल.

त्या वाक्यात दोन तक्रारी आहेत. एक, मुलीला दुसऱ्याचं दिसत नाही. दोन, तिच्या भावना जरुरीपेक्षा फार मोठ्या आहेत. आपण त्या एका दमात म्हणतो, पण त्यांचे इतिहास वेगळे आहेत. पहिलीचा माग काढत गेलं की आपण जिनिव्हाला पोचतो आणि दुसरीचा काढला की न्यूयॉर्कला.

आधी जिनिव्हा. १९२१ साली पंचविशीतला ज्याँ पियाजे तिथल्या रूसो इन्स्टिट्यूटमध्ये कामाला लागला. माणूस मूळचा प्राणिशास्त्रज्ञ. गोगलगायी आणि शंख-शिंपल्यांवर त्याने शाळकरी वयापासून लेख लिहिले होते, आणि मुलांचं निरीक्षणही त्याने त्याच चिकाटीने केलं. संस्थेला जोडलेल्या बालशाळेत सहा वर्षांच्या दोन मुलांच्या मागे साधारण महिनाभर माणसं बसली आणि ती मुलं जे जे बोलतील ते ते लिहून घेत गेली. मग प्रत्येक वाक्याची वर्गवारी झाली: हे कुणाला सांगण्यासाठी बोललं, की नुसतंच? त्या दोघांची जवळजवळ निम्मी वाक्यं दुसऱ्या भिडतीच निघाली. शेजारी मुलं बसलेली आहेत, मूल चित्र काढतंय, तोंडाने अखंड चालू आहे, पण ऐकणाऱ्याला कळलं का याची त्याला फिकीर नाही. शेजारचाही तेच करतोय. १९२३च्या पुस्तकात पियाजेने या बोलण्याला एक शब्द वापरला. आपण त्याचं मराठी ‘आत्मकेंद्री’ असं करतो.

इथे थोडं थांबू या, कारण घोळ इथेच होतो. मराठीत ‘आत्मकेंद्री’ ही सरळसरळ शिवी आहे. लग्नाच्या स्थळाबद्दल कुणी हा शब्द वापरला तर स्थळ बाद. पियाजेच्या मनात स्वार्थ नव्हता. त्याला म्हणायचं होतं की आपण जे पाहतो ते ‘एका ठिकाणाहून पाहिलेलं’ आहे, हेच लहान मुलाला ठाऊक नसतं. आपण चालायला लागलो की चंद्र आपल्यामागे येतो, असं जिनिव्हाची मुलं त्याला सांगत. आपली मुलंही एसटीच्या खिडकीतून तेच सांगतात. चंद्र माझ्यामागे येतो म्हणणारं मूल गर्विष्ठ नसतं. शेजारच्या सीटवरच्या मुलालाही तसंच वाटत असणार, हे त्याच्या अजून डोक्यात आलेलं नसतं, इतकंच. पियाजेने स्वतः पुढे अनेकदा या शब्दाबद्दल खुलासे केले. पण शब्द एकदा घराबाहेर पडला की खुलासा त्याच्यामागे धावतच राहतो.

मग आले डोंगर. १९४८ साली पियाजे आणि त्याची सहकारी बार्बेल इनहेल्डर यांनी मुलांच्या अवकाशाच्या कल्पनेवर एक पुस्तक काढलं. त्यातला एक प्रयोग आजही बी.एड.च्या गाईडमध्ये असतो. साधारण मीटरभर लांबीरुंदीच्या पाटावर तीन डोंगरांची प्रतिकृती: एकावर बर्फ, एकावर छोटं घर, एकावर लाल क्रूस. मूल एका बाजूला बसतं. एक लाकडी बाहुली दुसऱ्या बाजूला ठेवतात आणि मुलासमोर चित्रं मांडून विचारतात, की बाहुलीला जे दिसतंय ते यातलं कुठलं चित्र? चार-पाच वर्षांची मुलं बहुधा स्वतःला जे दिसतंय तेच चित्र उचलतात. साधारण सातव्या-आठव्या वर्षापासून काहीतरी सुधारायला लागतं आणि खात्रीने उत्तर यायला नऊ-दहा वर्षं उजाडतात. पुढची तीस वर्षं शिक्षकांना शिकवलं गेलं की लहान मुलाला दुसऱ्याच्या जागी जाताच येत नाही.

मी हा प्रयोग मनूवर केला. (प्रबंधासाठी नाही, निव्वळ खाज म्हणून.) पाटावर कणकेचे डोंगर केले. बाहुलीला काय दिसतं म्हणून विचारलं तर म्हणाली, ‘बाहुलीला डोळे रंगवलेले आहेत, तिला काय दिसणार?’ हे उत्तर कुठल्या रकान्यात घालायचं ते मला अजून कळलेलं नाही.

गंमत सोडा, पण अशा प्रयोगांत मुलाला प्रश्न कसा ऐकू येतो ही शंका खरी होती, आणि ती फार लवकर घेतली गेली. मॉस्कोत लेव व्हिगोत्स्कीने स्वतःशी चालणाऱ्या बोलण्याकडे दुसऱ्या बाजूने पाहिलं. मुलं चित्र काढत असताना तो आणि त्याचे सहकारी मुद्दाम अडथळे आणत. एखादा कागद नाही, हवी ती रंगाची पेन्सिल नाही. अडथळा आला की मुलांचं स्वतःशी बोलणं जवळजवळ दुपटीने वाढे. एक साडेपाच वर्षांचा मुलगा ट्राम काढत होता. पेन्सिलचं टोक मोडलं. तो स्वतःशीच पुटपुटला, की मोडली. मग त्याने जलरंग घेतले आणि अपघातात मोडलेली ट्राम काढली. व्हिगोत्स्कीचं म्हणणं असं, की हे बोलणं समाजापासून तुटलेलं नाही. दुसऱ्यांशी बोलायला शिकलेलं मूल आता तेच हत्यार स्वतःवर वापरतंय. मोठेपणी हेच बोलणं आत जातं आणि आपण त्याला विचार म्हणतो. १९३४ साली, सदतिसाव्या वर्षी, क्षयाने तो गेला आणि त्याच वर्षी पुस्तक आलं. पुढे सोव्हिएत राजवटीत त्याचं लेखन वीसएक वर्षं दडपलं गेलं. इंग्रजी भाषांतर निघालं १९६२ला. तेव्हा पियाजेने त्याला उत्तर लिहिलं. ज्याच्याशी वाद घालायचा तो माणूस अठ्ठावीस वर्षांपूर्वी गेलेला. अभिलेखागारात बसलेल्या माणसाला अशा तारखा चटका लावतात.

आणि आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट, कारण तिचा नायक माझ्यासारखाच एक प्रबंधवाला विद्यार्थी आहे. १९७५, एडिंबरा. मार्टिन ह्यूजने डोंगर काढून टाकले. त्याऐवजी टेबलावर दोन भिंती, अधिकच्या चिन्हासारख्या एकमेकींना छेदणाऱ्या. त्यामुळे चार कोपरे तयार झाले. एक पोलीस-बाहुला, एक मुलगा-बाहुला. आधी मुलांना खेळ नीट समजावून दिला, चुकलं तर पुन्हा दाखवलं. मग दोन पोलीस वेगवेगळ्या टोकांना उभे केले आणि सांगितलं, की या दोघांनाही दिसणार नाही असं मुलाला लपव. म्हणजे एकाच वेळी दोन नजरांचा हिशेब, आणि दोन्ही स्वतःच्या नजरेपेक्षा वेगळ्या. साडेतीन ते पाच वर्षांची तीस मुलं होती. नव्वद टक्के उत्तरं बरोबर आली.

हा प्रबंध छापलाच गेला नाही. तो जगाला कळला कारण त्याच विद्यापीठातल्या मार्गारेट डोनाल्डसन यांनी १९७८ साली मुलांच्या बुद्धीवर एक छोटंसं पुस्तक लिहिलं आणि त्यात तो सांगितला. त्यांचं म्हणणं साधं होतं. लपणं म्हणजे काय, कुणाला का लपावंसं वाटतं, हे तीन वर्षांच्या मुलाला आतून कळतं. तीन डोंगरांकडे बघणाऱ्या बाहुलीला काय हवंय, ते कुणालाच कळत नाही. पियाजेच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. ‘त्याला दिसतं का?’ आणि ‘त्याला ते कसं दिसतं?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि दुसरा खरोखरच अवघड आहे. अमेरिकेत जॉन फ्लॅवेलने हा फरक पुढे नीट मांडला. पण ‘मुलाला दुसऱ्याच्या जागी जाताच येत नाही’ हे सरसकट विधान त्यानंतर टिकलं नाही. पाठ्यपुस्तकांत मात्र टिकलं.

‘हे सगळं ठीक आहे’, तुम्ही म्हणाल, ‘पण सासूबाई डोंगरांबद्दल बोलत नव्हत्या.’ बरोबर. त्या त्या किंचाळण्याबद्दल बोलत होत्या. तेव्हा आता न्यूयॉर्क.

इथे प्रश्न मुलांचा कमी आणि आयांचा जास्त होता. १९२८ साली जॉन वॉटसनने पालकांसाठी एक लोकप्रिय पुस्तक लिहिलं होतं. मुलांना मिठ्या मारू नका, पापे घेऊ नका, सकाळी हवं तर हस्तांदोलन करा, असा त्याचा सूर. मूल बिघडलं तर आईने लाडाने बिघडवलं. नंतर मनोविश्लेषणाचा जमाना आला आणि वारं उलटं फिरलं. आता मूल बिघडलं तर आईने प्रेम दिलं नाही म्हणून. चाळीस-पन्नासच्या दशकांत अमेरिकेत याचं टोक असं, की मुलाच्या स्वमग्नतेचं खापरही आईच्या थंडपणावर फुटलं. लाड केले तरी तीच, नाही केले तरी तीच.

स्टेला चेस आणि अलेक्झांडर थॉमस हे मनोविकारतज्ज्ञ जोडपं. त्यांच्यासमोर रोज आई-बाप येत आणि हिशेब जुळत नसे. चांगल्या आयांची मुलं अडचणीत, यथातथा पालकांची मुलं मजेत, आणि एकाच आईची दोन मुलं दोन टोकांची. चेसबाईंनी १९६४ साली एका संपादकीयाला जे शीर्षक दिलं ते फ्रेंच शब्दांवरची कोटी आहे, ‘समुद्र लागणे’ आणि ‘आई’ या शब्दांच्या उच्चारावरची. मराठीत ती जवळजवळ जशीच्या तशी उतरते. आपल्याला गाडी लागते, बोट लागते. त्यांचं म्हणणं होतं की या धंद्यातल्या लोकांना ‘आई लागते’.

१९५६ साली या दोघांनी न्यूयॉर्कमधली बाळं दोन-तीन महिन्यांची असल्यापासून पाहायला सुरुवात केली. शंभराहून जास्त मुलं, बहुतेक शिकलेल्या मध्यमवर्गीय घरांतली, आणि त्यांचा माग थेट मोठेपणापर्यंत. पण मला भावते ती त्यांची विचारण्याची पद्धत. आई म्हणाली, ‘बाळाला नवीन खीर अजिबात आवडली नाही’, तर ते लिहून घ्यायचं नाही. विचारायचं, की त्याने काय केलं? थुंकलं? तोंड फिरवलं? किती जोरात रडलं? दुसऱ्या दिवशी दिल्यावर काय झालं? पाचव्या दिवशी? ‘आवडली नाही’ हे आईचं मत झालं. ‘पहिल्या घासाला मान वळवली, चौथ्या दिवशी खाल्लं’ ही घडलेली गोष्ट. इतिहासाच्या पहिल्या वर्षाला आम्हालाही हेच शिकवतात.

या तपशिलांतून त्यांनी स्वभावाचे नऊ पैलू काढले. त्यांतला एक आपल्या कामाचा: प्रतिक्रियेची तीव्रता. ती चांगली-वाईट अशी मोजलेली नव्हती. आनंदातही हेच मूल छत फाटेल असं हसतं. साधारण दहा टक्के मुलांमध्ये काही गोष्टी एकत्र आल्या: झोप-भुकेला वेळापत्रक नाही, नवं काही आलं की माघार, रुळायला उशीर, कुरकुरीकडे कल, आणि सगळं पूर्ण आवाजात. या गटाला त्यांनी ‘अवघड’ म्हटलं. (मराठीत हा शब्द मला तितका लागत नाही. आपल्याकडे अवघड घाटही असतो, अवघड गणितही असतं.) या गटातल्या सुमारे सत्तर टक्के मुलांना पुढे लहानपणी वर्तनाच्या काही ना काही अडचणी आल्या. सोप्या स्वभावाच्या मुलांत हे प्रमाण अठरा टक्के होतं.

सत्तर हा आकडा वाचून मी रात्री पुस्तक मिटून ठेवलं होतं, हे कबूल करते. नंतर सुचलं, की उरलेल्या तिसांचं काय झालं?

चेस-थॉमसना तोच प्रश्न पडला होता, आणि त्यांचं उत्तर आकडेवारीपेक्षा एकेका मुलाच्या हकिगतीत जास्त कळतं. त्यांच्या नोंदींमध्ये कार्ल या टोपणनावाचा एक मुलगा आहे. तान्हेपणापासून दणदणीत. पहिली अंघोळ, पहिला नवा घास, पहिला शाळेचा दिवस, सगळीकडे रणकंदन. त्याच्या वडिलांना मात्र या आरडाओरड्याचं कौतुक होतं. पोरात दम आहे, असं त्यांना वाटे, आणि थोडं थांबलं की हा रुळतो हे त्यांनी ओळखलं होतं. कार्लचं बालपण एकाच वस्तीत, त्याच शाळेतल्या त्याच मुलांबरोबर, फारशा अडचणीशिवाय गेलं. पुढे तो घरापासून दूर कॉलेजला गेला. सगळंच एकदम नवीन. पहिल्या सत्रानंतर तो स्वतः चेसबाईंकडे आला: उदास वाटतंय, काहीच जमत नाहीये. त्यांनी त्याला त्याच्याच स्वभावाची जुनी गोष्ट सांगितली आणि नव्या गोष्टी एकदम अंगावर न घेता थोड्या थोड्या घ्यायला सुचवलं. एक भेट पुरली.

आणि नॅन्सी, हेही टोपणनाव. तीही तितकीच तीव्र. तिचे वडील शिस्तीचे, फटकळ, तिच्यात सतत चुका काढणारे. सहाव्या वर्षापर्यंत स्फोटासारखे राग, अंधाराची भीती, अंगठा चोखणं, केस ओढणं, मैत्रिणी नाहीत. उपचार झाले, जरासा फरक पडला. मग चौथी-पाचवीत असताना तिच्यात संगीत आणि नाटकाची चुणूक दिसली. शिक्षक आणि इतर पालक कौतुक करू लागले. वडिलांच्या हिशेबात कलेला मान होता, त्यामुळे त्यांनी तोच राग, तोच आरडाओरडा ‘कलाकार आहे ती, असायचीच तशी’ अशा नजरेने बघायला सुरुवात केली. ओढाताण थांबली, आणि वयात येईपर्यंत मुलगी सावरली. स्वभाव मात्र तोच राहिला.

ही हकिगत मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला आनंद झाला नाही, संतापच आला. मुलीला आधी काहीतरी गाऊन दाखवावं लागलं, मग बापाची नजर बदलली! ज्या मुलीला गाता येत नाही तिने काय करायचं? पण पुरावा म्हणून तो मोलाचा आहे. आतलं काही न बदलता भोवतालचं बदललं आणि परिणाम बदलला. चेस-थॉमसनी याला नाव दिलं, त्याचा मराठीत मी ‘जुळणी’ असा शब्द वापरते. अडचण मुलातही नसते, आईतही नसते. ती दोघांच्या जुळणीत असते.

जुळणी ही नुसती घरातल्या माणसांची बाब नाही. त्यांनी न्यूयॉर्कमधल्या पोर्तो रिकोहून आलेल्या कामगार कुटुंबांतली मुलंही पाहिली. मध्यमवर्गीय घरांत ‘मूल वेळेवर झोपत नाही’ ही तक्रार बाळपणीच येई. पोर्तो रिकन घरांत ती जवळजवळ नव्हतीच, कारण मूल दमेल तेव्हा झोपे आणि त्यावर कुणी युद्ध पुकारत नसे. तक्रार सुरू झाली ती शाळेची घंटा आयुष्यात आल्यावर. उलट, चळवळ्या मुलांच्या तक्रारी या घरांत जास्त: लहान जागा, बाहेरचे रस्ते धोक्याचे, मूल कायम आत. आमच्या पाचशे स्क्वेअर फुटांत हे वाचताना मी खालच्या काकूंनी छताला मारलेल्या झाडूचा आवाज ऐकत होते.

दोन्ही धागे जिथे एकत्र येतात ती जागा आता सांगते. माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची तीच. मार्टिन हॉफमन मुलांतली सहानुभूती अभ्यासत होता. त्याने नोंदवलेला एक प्रसंग प्रसिद्ध आहे. सव्वा वर्षाचं एक मूल, त्याचा मित्र रडतोय. त्याने मित्राला आपलं टेडी नेऊन दिलं. उपयोग झाला नाही, तेव्हा शेजारच्या खोलीतून मित्राचं स्वतःचं आवडतं पांघरूण आणून दिलं. सव्वा वर्षाचं! म्हणजे दुसऱ्याचं दुःख लागणं ही गोष्ट मुलांमध्ये फार लवकर असते. हॉफमनने पालकांच्या शिस्तीचाही विचार केला. १९६७च्या अभ्यासात त्याला आणि त्याच्या सहकाऱ्याला दिसलं की धाक दाखवणारे, अबोला धरणारे आणि ‘तू ढकललंस म्हणून त्याला लागलं बघ’ असं दाखवून देणारे पालक, यांत शेवटचा मार्ग दुसऱ्याची पर्वा करणाऱ्या मुलांशी जास्त जोडलेला आहे. पण त्याने एक अट घातली आणि आपण ती वाचतच नाही. मूल ऐकेल इतकीच भावना जागी व्हायला हवी. त्याहून जास्त झाली की सांगितलेलं आत पोचत नाही, कारण मूल तेव्हा भीतीत किंवा रागात बुडालेलं असतं. पुढे ऐंशी-नव्वदच्या दशकांत नॅन्सी आयझेनबर्ग यांनी (या खऱ्या संशोधक, वरची मुलगी नव्हे) यातच एक बारीक भेद केला. दुसऱ्याचं दुःख पाहून कळवळणं वेगळं, आणि त्या दुःखाने स्वतःच हादरून जाणं वेगळं. हादरलेल्या माणसाचं लक्ष स्वतःकडे वळतं. त्याला आधी स्वतःच्या आतलं थांबवायचं असतं. ज्यांच्या भावना तीव्र आणि ज्यांना त्या आवरता येत नाहीत, त्यांच्यात हे दुसरं जास्त होतं.

आता ते आंबे आणि ती सुरी पुन्हा आठवा.

त्या संध्याकाळी मी चेसबाईंच्या पद्धतीने लिहायला बसले. ‘लक्ष वेधून घेत होती’ हे खोडलं, ते माझं मत. काय केलं? दोन्ही कानांवर हात. नजर पुतण्याच्या बोटावर, शेवटपर्यंत. मी तिला उचललं तेव्हाही मान वळवून तिकडेच. ‘बंद करा’ असं निदान सहा वेळा, आणि ‘माझ्याकडे बघा’ त्यानंतर. ‘बंद करा’ म्हणजे काय बंद करा? मी विचारलंच नव्हतं. तीन दिवसांनी डोक्यावरून पाणी घेताना तिनेच विचारलं, ‘आई, दादाचं रक्त परत आत गेलं का?’

हे वाचून तुम्हाला वाटेल की मग सगळं कोडं सुटलं. मुलगी मुळात हळवी, बाकी आपला गैरसमज. तसं नाहीये. परवाच तिने मैत्रिणीच्या वाढदिवसाला ‘केक मी कापणार’ म्हणून पाऊण तास सगळ्यांना वेठीला धरलं. तिथे रक्तही नव्हतं आणि हळवेपणाही नव्हता. तो शुद्ध हट्ट होता. मी तिला उचलून घरी आणलं आणि दुसऱ्या दिवशी शांत झाल्यावर विचारलं, तुझ्या केकवर दुसऱ्या कुणी सुरी धरली असती तर? म्हणाली, ‘मी तिला मारलं असतं.’ म्हणजे दुसऱ्याच्या जागी जाता आलं की नाही? आलं, अगदी व्यवस्थित आलं. तिथे पोचून तिने काय केलं असतं, हा भाग अजून बाकी आहे. हॉफमनचा मार्ग म्हणजे मोकळं रान नव्हे, हे मी स्वतःला सांगत असते. त्यात मर्यादाही आहे, फक्त समजावण्याची वेळ वादळानंतरची आहे. आमच्याकडे ही वेळ बहुधा दुसऱ्या दिवशी अंघोळीची निघते.

सासूबाईंना मी यातलं थोडंसं सांगितलं. पियाजे वगैरे नाही, नुसतं रक्ताचं. त्या काही वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘तुझा नवरा असाच होता. शेजारची गाय व्यायली तेव्हा दोन दिवस जेवला नाही, आणि मी त्याला अभ्यास टाळतो म्हणून बदडलं होतं.’ चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं, नवऱ्यालाही आठवत नव्हतं.

वही मी अजून लिहिते. रोज जमत नाही. गेल्या मंगळवारची नोंद: माझं गाईडसरांशी फोनवर बोलणं चालू, मनू बावीस मिनिटं दाराला लाथा मारत होती. मी ओरडले, मोठ्याने. ती रडली, मग मी रडले. मग तिने आत जाऊन स्वतःची रजई आणली आणि माझ्या पायांवर टाकली. माझी चादर शेजारीच पडली होती, तिकडे तिने पाहिलं नाही.